मेलेले पाहुणे

कोजो एसिल्फीनं प्रामाणिकपणा केला, तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

आफ्रिकेतल्या केप कोस्टला इंग्रजांचा अंमल होता; तिथल्या गोऱ्या कमिशनर साहेबाच्या कचेरीत पाहुणचाराचा सरकारी भत्ता असे. पाहुण्यांची नावं लिहायची आणि त्यांच्या पोटात गेलं तेवढंच खर्ची टाकायचं. मुखियाचं मंडळ आलं, तेव्हा त्याच्या वतीनं बोलणारे कोजोचे मामा, ओतू, उठले. आमच्या रीतीनं एकेका पूर्वजाला हाक मारत त्यांनी साहेबाच्या बाटलीतली जिन दारू त्यांना पाजायला जमिनीवर ओतली. शेवटची हाक कोजोच्या वारलेल्या आईला होती. कारकून कोजोनं ती सगळी नावं पाहुण्यांत लिहिली. पाजलं होतं ना त्यांना?

अक्राच्या मुख्य कचेरीतून शेरा आला: मेलेली माणसं सरकारी पाहुणी नव्हेत. खर्च नामंजूर.

साहेबाला पदरमोड नको होती. सांडलेला माल माफ होतो, पण सांडणारा दाखवावा लागतो. तो कोजोला म्हणाला, "लिही, म्हातारा प्यायलेला होता. हात थरथरला." कोजोच्या कायम नोकरीचा कागद त्याच टेबलावर सहीवाचून पडला होता.

ज्या मामानं होडी विकून शिकवलं, ज्यानं जन्मात घोटभर दारू गिळली नाही, त्याच्या नावावर भाच्यानं ते लिहिलं. लाज कशी वाटली नाही? वाटली. तरी लिहिलं. खर्च माफ झाला, कागदावर सही झाली.

पुढल्या बैठकीला मामांनी सवयीनं बाटलीसाठी हात पुढे केला. साहेबानं बाटली मागं घेतली आणि कोजोला भाषांतर करायला लावलं. भर सभेत, मुखियासमोर, कोजो खाली बघून म्हणाला, "मामा, कचेरीत नोंद आहे. तुम्ही पिऊन येता, म्हणून यापुढं बाटली तुमच्या हाती द्यायची नाही."

"नोंद कुणी केली?"

कोजोनं हातातली नोंदवही मिटून घेतली. मामांना कळायचं ते कळलं. त्यांच्या पुढ्यात फक्त भरलेला पेला ठेवला होता, पाहुण्यानं प्यावा म्हणून. त्यांनी तो उचलून भाच्याच्या हातात दिला.

"घे, तूच पी," ते शांतपणे म्हणाले. "तुझी आई राहील तहानलेली. तुमचा हिशेब चुकायला नको."

साहेब बघत होता. कोजो प्यायला.