टेपमधलं गुटगुटीत बाळ

१९८६ सालची गोष्ट. तुर्भ्याला भाड्याच्या एका गाळ्यात सुधीर बाळांसाठी नाचणीचं सत्त्व तयार करायचा. माल चांगला होता; पण नव्या नावाचा डबा दुकानदार फळीवर ठेवायला तयार नसत. त्या वर्षांत खाडीकाठच्या गावांतून भाड्याने व्हिडिओ आणून सिनेमे दाखवायची टूम निघाली होती. सुधीरने ठरवलं, आपणही एक छोटी फिल्म काढायची आणि सिनेमाच्या आधी लावायची.

नटी परवडणारी नव्हती. त्याने बायकोलाच, सरस्वतीला, कॅमेऱ्यासमोर बसवलं. मांडीवर त्यांचं गुटगुटीत बाळ, हातात डबा. "माझं बाळ पहिल्या महिन्यापासून यावरच वाढलंय," असं तिने म्हणायचं होतं. बाळ वाढलं होतं तिच्या दुधावर. ती अडखळली, तेव्हा सुधीरने समजावलं की जाहिरातीत एवढं चालतंच. तिने ते वाक्य म्हटलं.

फिल्म लोकांना आवडली. गावोगावच्या दुकानांतून डब्यांना मागणी येऊ लागली.

एके दिवशी सरस्वती बाळाला लस टोचायला दवाखान्यात गेली. बाकावर घणसोलीची पुतळा नावाची एक बाई बसली होती. तिच्या मांडीवरचं तान्हं पोर जुलाबांनी पार सुकून गेलं होतं. सरस्वतीला पाहताच तिचा चेहरा उजळला.

"ताई, तुमीच ना त्या व्हिडिओतल्या? मीपन अंगावरचं बंद करून तुमचंच सत्त्व देते. मंग माज्याच पोराला असं का झालंय? माजं काय चुकतंय?"

सरस्वतीने खरं काय ते सांगून टाकलं. पुतळा भांडली नाही. पोराला छातीशी धरून ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी पोराला तिथेच ठेवून घेतलं.

घरी येऊन सरस्वतीने हे सांगितलं, तेव्हा सुधीर म्हणाला, कोणत्या वयाला द्यायचं ते डब्यावर छापलेलं आहे, लोकांनी वाचायला नको का? त्याची आई यशोदाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"सुधीर, दुकानदाराचं बोलणं गिऱ्हाईक पारखून घेतं. पण एक आई दुसऱ्या आईला सांगते, ते कोण पारखतं? तू सत्त्व नाही विकलंस. हिच्यावरचा विश्वास विकलास."

दुपारी सुधीर दवाखान्यात गेला. सलाईन लावलेलं ते पोर आणि त्याला पुन्हा अंगावर पाजण्यासाठी धडपडणारी पुतळा त्याने दारातून पाहिली. आत जाऊन माफी मागताना त्याला मान वर करवली नाही.

पोर हळूहळू सावरलं. सुधीरने गावोगाव फिरून सगळ्या टेपा परत आणल्या आणि नवी फिल्म काढली. तिच्यात सरस्वतीने आधी कबूल केलं की मागे आपण खोटं बोललो. मग सांगितलं: तान्ह्याला आईचं दूधच द्या, वरचं खाणं डॉक्टर सांगतील तेव्हा, पाणी उकळून. दुकानदार हसले. असली जाहिरात पाहून कोण डबा घेणार, असं त्यांनी तोंडावर विचारलं. आणि खरंच, विक्री बरीच खाली आली.

घणसोलीत मात्र सुधीरने स्वतः लावलेली फिल्म संपल्यावर बायका उठल्या नाहीत. आपापल्या बाळांचं विचारत राहिल्या. पुतळा पुढे येऊन म्हणाली, "दादा, माजी जाऊ आताच आली. तिची पयलीच खेप हाय. तिलापन एकदा दाखवा."

सुधीरने टेप उलटी फिरवून सुरुवातीला आणली आणि पुन्हा लावली.

बंधुभगिनींनो, जाहिरात करण्यात गैर काही नाही. पण पडद्यावरचा शब्द कुणाच्या तरी घरात जातो, आणि तिथे माणसं त्याप्रमाणे वागतात. म्हणून जे आपण आपल्या लेकराला दिलं नाही, ते दुसऱ्याच्या लेकराला द्या असं कधीही सांगू नये.