मुद्रितशोधकाची साक्ष

मी मुद्रितशोधक. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचे पैसे घेणारा माणूस; फुकटात काढतो त्या वेगळ्याच. छापखाना बंद पडून आठ वर्षं झाली, पण लाल पेन अजून खिशात असतं. धाकट्या भावाच्या मृत्यूच्या भरपाईचा दावा लावायचा होता. वकीलबाईंनी मसुदा वाचायला दिला, तर मी त्यातले सात ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि त्यांनी शिरस्त्याप्रमाणे घातलेलं ‘वडीलबंधू मयतावर अवलंबून होते’ हे अख्खं वाक्य खोडून टाकलं. समासात लिहिलं, ‘अशुद्ध’.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका लिफ्टचा दोर झिजलाय, असं त्याने कंपनीला दोनदा लेखी कळवलं होतं. कंपनीने तिसऱ्यांदा त्यालाच बघायला पाठवलं, आणि दोर तुटला. आता कंपनी म्हणते, चूक त्याचीच. आणि तसंही घर काही त्याच्या जिवावर चालत नव्हतं. भावजय आणि पुतणी यांचं पुढचं सगळं त्या दाव्यावर होतं. साक्षीदार कोण, तर मी.

कंपनीचा वकील भलताच अदबीने बोलत होता.

“आपण घरातले कर्ते पुरुष?”

कर्ता! हा शब्द ऐकला की माझी छाती आपोआप फुगते.

“अर्थात.”

“घरखर्च?”

“मीच बघतो. धाकटा हाताचा कुशल, पण व्यवहारात शून्य.”

“आभारी आहे,” म्हणून तो लगेच खाली बसला. कोर्टात इतके मनापासून आभार कोणी मानले की समजावं, आपण माती खाल्ली. मागच्या बाकावर भावजयीने मान खाली घातली. तिला माझं बोलणं खोटं वाटलं नव्हतं, हीच तर गंमत.

कारण छापखाना बंद पडल्याचं मी घरी सांगितलंच नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचो आणि वाचनालयात बसून वर्तमानपत्रांतल्या चुकांना लाल खुणा करायचो. धाकट्याला तिसऱ्याच दिवशी कळलं; तिथली लिफ्ट बघायला नेमका तोच आला. एका शब्दाने बोलला नाही. पुढे दर महिन्याला तो जिन्यात माझ्या हातात पाकीट ठेवायचा. मी ते ‘पगार’ म्हणून भावजयीला द्यायचो आणि वर काटकसरीवर चार शब्द सुनावायचो. तुझ्या नवऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही, हे तिच्या डोक्यात भरवणाराही मीच. तो शेजारी बसून मुकाट जेवायचा.

वकीलबाई फेरतपासणीला उठल्या. हातात माझ्या लाल खुणांचा मसुदा होता.

“हे वाक्य तुम्ही खोडलंत. का?”

गप्प बसलो असतो तर माझी अब्रू शाबूत राहिली असती आणि त्या दोघी उघड्यावर आल्या असत्या. तरी मी क्षणभर विचार केला, हे कबूल करतो. इतका मी थोर आहे.

“खरं होतं म्हणून,” मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. वाचनालय, जिना, पाकीट, डबासुद्धा. मला माझी शरम वाटली, आणि धाकट्याची इतकी आठवण आली की कठडा धरून उभं राहावं लागलं. भावजयीकडे बघायचं धाडस झालं नाही.

न्यायाधीशबाई टंकलेखकाला सांगू लागल्या, “साक्षीदार स्वतः मयतावर अवलंबून होता.”

“चूक आहे,” माझ्या तोंडून गेलं.

“आता काय चूक?”

“क्रियापद. ‘होता’ नाही. ‘आहे’.”

टंकलेखकाची बोटं थांबली. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. तेवढ्यात मागच्या बाकावरून भावजयीचा आवाज आला. इतक्या वर्षांत तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

“आहे म्हणताहेत ना दादा? मग आहे लिहा.”