गॅरी डाऊ कोण?

"शशी, हा गॅरी डाऊ कोण?"

फोनवर टोबी होता. टोबी म्हणजे आमच्या पेपरातला सब-एडिटर. माझा शनिवारचा कॉलम गुरुवारी त्याच्या हातात पडतो आणि त्याच्या शंका माझ्या डोक्यावर.

"कोण गॅरी?"

"तूच लिहिलंयस. ऐक. ‘पंतप्रधान जाणार म्हणतात, गॅरी डाऊ, पण कधी ते सांगत नाहीत.’ लेबर पार्टीतला कुणी आहे का? शोधला, सापडला नाही."

मी कपाळाला हात लावला. "अरे, कुणी नाही तो. मशीनचा उपद्व्याप आहे. काढून टाक."

"नक्की? वाक्यात छान बसलाय."

"टोबी, काढ म्हटलं ना!"

मशीनची भानगड अशी. एडिनबराच्या या पेपरात मी वर्षानुवर्षं दर शनिवारी काहीबाही लिहीत आले आहे. मोबाईल, टीव्ही, राजकारण, कौन्सिलनं आमच्या गल्लीत आणून ठेवलेल्या भल्यामोठ्या कचरापेट्या, जे डोक्यात येईल ते. लोक वाचतात म्हणे. रागावून ईमेल पाठवतात, म्हणजे वाचत असणारच. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या मनगटांनी संप पुकारला. टाइप करून करून शिरा सुजल्या आणि डॉक्टरीणबाईंनी कीबोर्डला हात लावायचा नाही म्हणून दटावलं. नेमका त्याच आठवड्यात ओळखपत्रांवर कॉलम लिहायचा होता. सरकारला माझ्या बोटांचे ठसे हवे होते आणि माझ्या बोटांना रजा.

मग पेपरनं एक सॉफ्टवेअर दिलं. आपण इंग्रजीत बोलायचं, ते लिहितं. चुकलं तर ‘स्क्रॅच दॅट’ म्हणायचं, की शेवटचं पुसून टाकतं. आधी त्याला आपल्या आवाजाची सवय करावी लागते. शाळेतल्या पोरीसारखं त्याच्यापुढे मोठ्यानं वाचत बसावं लागतं. डोक्याला लावायचा माइक मला सोसेना, कानशिलं ठणकायची. म्हणून टेबलावर ठेवायचा मोठा माइक मागवला. तो सगळी खोली ऐकायचा.

आणि खोलीत बाबा असायचे.

तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी त्यांना ठाण्याहून इकडे घेऊन आले. मी एकटी, तेही एकटे. दोघांचं मस्त जमलं होतं. संध्याकाळी टीव्ही लावून मंत्र्यांना मिळून नावं ठेवायची, हा आमचा कार्यक्रम. ऑक्टोबरात त्यांना स्ट्रोक आला आणि वाचा गेली. खिडकीपाशी उंच पाठीची खुर्ची मांडली, तीत ते दिवसभर बसायचे, माझ्या टेबलाच्या मागे.

स्पीच थेरपिस्ट म्हणून यायची ती पोरगी गोड होती. कप, कुत्रा, किल्ली अशी चित्रं पुढे धरायची आणि म्हणायची, "मिस्टर डॅल्व्ही, व्हॉट्स धिस?" बाबा तिच्या खांद्यावरून मागे, दाराजवळच्या कोपऱ्यात बघत राहायचे. मी म्हटलं, मराठीत विचारून बघते. "बाबा, हा काय आहे? कप ना?" तरी तेच. जानेवारीत तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं, शब्द गेलेत, आणि समजही फारशी उरलेली दिसत नाही. आय ॲम सो सॉरी.

शहराबाहेरच्या एका नर्सिंग होममध्ये खोली रिकामी झाली होती. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. चांगली जागा होती, बागबिग होती. मला छळत होता तो एकच प्रश्न. त्या खुर्चीत माझे बाबा आहेत का? असतील, तर त्यांना परक्या माणसांत कसं टाकू? आणि नसतील, तर मी रोज कुणाला भरवतेय?

टोबीचा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी मी टीव्हीवरच्या त्या बंद घराबद्दल लिहायला बसले. नामवंत माणसं एका घरात कोंडायची, भिंतीभिंतीत कॅमेरे लावायचे आणि देशानं फोन करकरून ठरवायचं की आता घराबाहेर कोण जाणार. खऱ्या निवडणुकीत घरातून न हलणारी माणसं या मतदानावर तुटून पडत होती. माझं वाक्य जुळेना, म्हणून मी गप्प बसले.

आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. गॅरी डाऊ.

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

"स्क्रॅच दॅट," मी म्हटलं. पुसलं गेलं. पुन्हा उमटलं. मी पुन्हा पुसायला लावलं. मग वैतागून चहा करायला गेले. येऊन बघते तर अर्धं पान भरलेलं. गॅरी डाऊ. गॅरी डाऊ. आणि मधूनमधून आणखी एक. अहॉय थम. ‘अहॉय’ म्हणजे गलबतावरचे खलाशी हाक मारतात तसली हाक, आणि ‘थम’ म्हणजे अंगठा. आता अंगठ्याला हाका कोण मारतंय?

बाहेर साडेचारलाच काळोख झाला होता. समुद्राकडून धुकं आलं होतं, समोरची बिल्डिंग दिसेनाशी झाली होती. रेडिएटर टकटक करत होता. बाबा मान जराशी वाकडी करून दाराजवळच्या कोपऱ्याकडे बघत होते. मीही बघितलं. तिथे छत्र्या होत्या. तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावर आणखी एक ओळ आली. अहॉय थम.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो हसला. म्हणाला, असले माइक फार तिखट कानाचे असतात. पाइपातलं पाणी, वारा, श्वास, काहीही ऐकतात आणि माहीत असलेला जवळचा शब्द चिकटवून मोकळे होतात. मीही हसले. पण त्यानंतर दुपारपासूनच सगळे दिवे लावून ठेवायला लागले.

भूत असलं तरी कॉलम भरावाच लागतो. पुढच्या गुरुवारी मी त्याच्यावरच लिहिलं. माझ्या घरात गॅरी डाऊ नावाचं स्कॉटिश भूत राहतं, त्याला बोलता येत नाही पण टाइपिंग उत्तम येतं, असलं काहीतरी. नमुना म्हणून त्याच्या चारदोन ओळीही टाकल्या. शनिवारी छापून आलं. लोकांना भारी आवडलं. फाइफहून एका खऱ्याखुऱ्या गॅरी डाऊनं ईमेल केली की मी अजून जिवंत आहे.

रविवारी दुपारी अनुराधाचा फोन आला. अनुराधा माझी मावसबहीण. लंडनजवळ स्लाऊला राहते. माझा कॉलम इंटरनेटवर वाचते आणि मग तो मलाच वाचून दाखवते, कारण कुणाला तरी ऐकवल्याशिवाय तिला वाचल्यासारखं वाटत नाही. निम्मा जन्म स्लाऊत काढला तरी तिचं इंग्रजी अजून दादरचंच आहे.

"काय गं, कसलं मेलं भूत घेऊन बसलीयेस! ऐक हं. ‘घॅरी डाऊ. घॅरी डाऊ. अहोय थंब.’ काका कसे आहेत?"

"तसेच. उद्या नर्सिंग होमला कळवायचंय."

"हो कळव गं. तुझी तब्येत बघ जरा, आरशात बघ. ‘घॅरी डाऊ, घॅरी डाऊ.’ ई, शशी, हे सारखं वाचलं ना, की कसं घरी जाऊ, घरी जाऊ ऐकू येतंय!"

मी शनिवारचा पेपर ओढून घेतला आणि त्या ओळी शोधल्या.

"शशी? हॅलो? लाइन गेली का?"

"अनु, परत वाच."

तिनं वाचलं. मी फोन ठेवला, तिला काही न सांगताच.

इतके दिवस माझे वडील बोलत होते. बोलतही नव्हते, नुसते पुटपुटत होते, आणि माझ्या कानांना जे ऐकू येत नव्हतं ते त्या माइकला येत होतं. ऑक्टोबरनंतरचे त्यांचे तेवढेच शब्द, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून मोठ्यानं म्हणत होते, पुसून टाक. एकदा नाही, शंभरदा. मला स्वतःची इतकी किळस कधी वाटली नव्हती. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की हसू की रडू कळेना. आत बाबा होते! मी नर्सिंग होमला फोन लावला. रविवार, त्यामुळे उचलायला कुणी नाही. मशीनवर निरोप ठेवला, "खोली नको. माझे वडील बोलतात." मग जाऊन त्यांच्या पायाशी बसले.

"बाबा, घरी जायचंय? अहो, घरातच आहात तुम्ही. कुठे पाठवत नाही मी तुम्हाला, शप्पथ. का ठाण्याला जायचंय? तिकीट काढू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नजर कोपऱ्यात. मग मी माइक त्यांच्या मांडीवर आणून ठेवला, पडदा आमच्याकडे वळवला आणि माझा कान त्यांच्या तोंडाला लावला. गालाला ऊन श्वास लागत होता.

"घरी जाऊ?" ते म्हणाले.

होय, विचारत होते. शब्दाचं शेपूट वर गेलेलं मी स्पष्ट ऐकलं. मशीनला प्रश्नचिन्ह कुठलं कळायला! त्यानं आपलं लिहिलं, गॅरी डाऊ.

आणि त्याखाली, बाबांनी तोंड मिटल्यावर, अहॉय थम.

मला वाटलं, तेही बाबाच पुटपुटले असतील. मी त्यांच्या ओठांवर बोटं ठेवली. अगदी हलकेच. ओठ बंद होते, हलत नव्हते. मी माझाही श्वास धरून ठेवला. रेडिएटर गप्प होता. बाहेर वारासुद्धा नव्हता, नुसतं धुकं. पडद्यावर एकेक करून अक्षरं आली. अहॉय थम. मी ते आता अनुराधासारखं वाचलं.

अहो, थांबा.

बाबांना ‘अहो’ म्हणणारी बाई जगात एकच होती. ती या घरात कधी आली नव्हती. विमानाला घाबरायची, "तूच ये बाई" म्हणायची. तिचा आवाज या मशीननं कधी ऐकला नव्हता. पण फोनवर आमच्या दोघींचे आवाज कुणालाच वेगळे ओळखू यायचे नाहीत. मावशीसुद्धा मला आई समजून दहा मिनिटं बोलत राहायची.

"आई?" मी म्हटलं.

मशीननं माझं इंग्रजी करून लिहिलं, ‘आय’. म्हणजे, मी.

खोटं कशाला सांगू, दार उघडून जिन्यात पळावंसं वाटलं. पण बाबांची बोटं माझ्या शालीत अडकली होती.

"का थांबवतेस त्यांना?" मी कोपऱ्याला विचारलं. "किती दिवस झाले, विचारताहेत ते."

उत्तर मला ठाऊक होतं. ऑक्टोबरपासून रोज आईच्या फोटोपुढे दिवा लावताना मीच हात जोडून म्हणत आले होते, त्यांना नेऊ नकोस. नवरा केव्हाच सोडून गेला, मूलबाळ नाही, आणि या अख्ख्या देशात माझं म्हणावं असं माणूस त्या एका खुर्चीत बसलेलं. आत कुणी उरलंय की नाही हे माहीत नसतानाही मी मागत होते. आई बिचारी माझंच ऐकत होती. बाबा दमून गेले होते, पायांवर सूज, पाण्याचा घोट उतरायला त्रास, आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना धरून ठेवलं होतं.

"आई," मी म्हटलं, "माझं मी बघेन गं."

मशीननं काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

थोड्या वेळानं बाबा पुन्हा पुटपुटले. घरी जाऊ? आम्ही वाट बघितली, मी आणि ते. खालून एक बस गेली, तिच्या दिव्यांनी धुकं जरा पिवळं झालं. पडद्यावर खालची ओळ आली नाही.

बाबांनी मान वळवली. केवढे कष्ट पडत होते त्यांना! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे नाही, माझ्याकडे. ओळखीचं बघणं होतं ते.

"येऊ?" ते म्हणाले. हे मला माइकशिवाय ऐकू आलं.

आमच्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ठाण्याच्या घरी बाबा बँकेत जायला निघाले की दारात बूट घालून उभे राहायचे आणि आत बघून विचारायचे, "येऊ?" आई पोळ्या लाटत असो की अंघोळीला जात असो, तिचं उत्तर आल्याशिवाय ते उंबरा ओलांडायचे नाहीत. कितीही उशीर होवो.

पडद्यावर ‘यू’ उमटलं होतं. म्हणजे, तू.

मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मनगटं दुखली, दुखू देत. ते घाई करत नव्हते.

"या," मी म्हटलं.

मशीनला ते इंग्रजीच वाटलं. त्यानं लिहिलं, ‘येअ’. म्हणजे, हो.