काहीही चालणाऱ्यांची सहल

सुट्टीत बेटावर जायचं, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. खरं सांगायचं तर तेवढंच मान्य होतं, आणि तिथून पुढे जे सुरू झालं त्याने तिच्या नाकी नऊ आले.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची. दिवसभर मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून एकेक काच बदलायची आणि विचारायचं, "ही बरी की ती?" संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तेच. हे घर बरं की ते? सकाळची बोट बरी की दुपारची? तिचा नवरा एसी दुरुस्तीची कामं करायचा. नुसत्या घरघरीवरून कुठल्या यंत्राला काय झालंय ते सांगण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण सहलीचा विषय निघाला की तो ताटातून मान वर न करता म्हणायचा, "तू ठरव गं. मला काहीही चालेल."

ऐकायला किती गोड वाटतं! पहिल्यांदा तिलाही वाटलं होतं.

तिने त्याला पाण्याच्या अगदी काठावरचं एक घर फोनवर दाखवलं. "मस्त आहे," तो म्हणाला. ती घरमालकाला फोन लावणार, तेवढ्यात तो म्हणाला, "पण समुद्राला इतकं चिकटून? धाकटा दार उघडं दिसलं की सुटतो."

बरोबर होतं. धाकटा तीन वर्षांचा होता आणि उघडं दार म्हणजे आपल्यालाच दिलेलं आमंत्रण आहे, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून मग तिने टेकडीवरचं घर शोधलं.

"एवढ्या पायऱ्या? त्याला कडेवर घेऊन कोण चढणार?"

"तू."

"चढेन की. मी आपलं सुचवलं. मला काय, काहीही चालेल."

तिसरी जागा तिने मुद्दाम जेवणखाण असलेली काढली, निदान सुट्टीत तरी भांडी नकोत म्हणून. त्यावर तो म्हणाला, "तिथे जेवायला बाकीचे लोक असणार. आणि आपली मुलं जेवताना काय करतात ते तुला माहीत आहे." तिला माहीत होतं. तिने फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यात मोठीने वेगळाच खोडा घातला. मोठी सहा वर्षांची. तिने विचारलं, "आई, बेट पाण्यावर तरंगतं ना? मग आपण झोपलो आणि ते वाहून गेलं तर?"

"नाही गं राणी, ते तरंगत नसतं. तो डोंगरच असतो. खालचा भाग पाण्यात आणि फक्त डोकं वर."

मोठीचे डोळे विस्फारले. "म्हणजे तो डोंगर बुडतोय?"

इथे शांत बसायला हवं होतं. पण तिने नीट समजावून सांगायचा प्रयत्न केला, आणि जितकं समजावलं तितका डोंगर खोल गेला. शेवटी मोठीने भोकाड पसरलं. बुडणाऱ्या डोंगरावर ती अजिबात येणार नव्हती. तेव्हापासून दर जेवणाला ती डोंगराची खबर घ्यायची. "आज किती उरलाय?"

मग नणंदेचा फोन आला. "वहिनी, आमच्याशिवाय जाताय होय?" आवाजात साखर, पण साखरेखाली काय आहे ते ती ओळखून होती. नणंदेचं बाळ सात महिन्यांचं. ते दुपारी झोपतं, म्हणून बोट सकाळचीच हवी. पण धाकट्याला सकाळी दूध प्यायल्यावर जरा हेलकावे बसले की सगळं बाहेर, म्हणून बोट दुपारचीच हवी. शिवाय नणंदेला समुद्राकडची खोली हवी होती, आणि तिच्या नवऱ्याला लाटांच्या आवाजाने झोप लागत नव्हती.

"मग तो येतोच कशाला बेटावर?" ती न राहवून म्हणाली.

"वहिनी, असं काय बोलता?" साखर संपली होती.

राहिल्या सासूबाई. सासूबाई म्हणायच्या, "मी कुठे येऊ आता? तुम्ही जा, मजा करा." तिने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "नको गं बाई." तिने तो विषय सोडला, तर दुसऱ्या दिवशी गच्चीत उन्हाची एक जुनी टोपी धुऊन वाळत घातलेली. आता या टोपीचा अर्थ काय लावायचा, सांगा!

एवढं सगळं डोक्यात घेऊन ती दुकानात बसली होती, तेव्हा एक वयस्कर काका चष्म्याचा नंबर काढायला आले. शांत, सभ्य माणूस. तिने काच बदलली. "ही बरी की ती?"

"दोन्ही सारख्याच वाटतात."

"नीट बघा हं. ही… की ही?"

काका जरा थांबले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "तुम्हीच ठरवा ताई. मला काहीही चालेल."

तिचा ताबा सुटला. "अहो काका, डोळे तुमचे आहेत! मी कसं ठरवू? आज काहीही चालेल म्हणायचं, आणि उद्या नीट दिसलं नाही की माझ्याच नावाने खडे फोडायचे! तुम्ही मात्र नामानिराळे!"

पडदा सरकवून मालकांनी आत डोकावलं. काका खुर्चीत आक्रसून बसले होते. "दुसरी," ते घाईघाईने म्हणाले, "दुसरीच बरी. अगदी स्पष्ट."

आता त्यांनी काहीही सांगितलं असतं, हे तिला कळलं. घाबरलेल्या माणसाचा नंबर निघत नसतो. तिला इतकी लाज वाटली की कानशिलं गरम झाली. "माफ करा काका," ती म्हणाली, "घरचा राग तुमच्यावर निघाला. आपण पहिल्यापासून करू." तिने सगळ्या काचा काढल्या आणि सावकाश, एकेक करत पुन्हा सुरुवात केली. काका गेल्यावर मालकांनी नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

घरी आली तेव्हा नवरा धाकट्याला आंघोळ घालत होता. दोघेही सारखेच भिजलेले. ती न्हाणीघराच्या दारात उभी राहिली, पर्सही खांद्यावरून उतरवली नाही.

"मी काही ठरवणार नाही आता," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"तू काहीही चालेल म्हणतोस आणि मग एकेक खोट काढतोस. म्हणजे ठरवायचं मी, चुकायचंही मीच, आणि तू लांब उभा राहून बघणार. मला कंटाळा आलाय याचा. जायचं असेल तर तू ठरव. सगळं. घर, बोट, तुझी बहीण, तुझी आई."

तो साबणाचे हात तसेच धरून बसला. धाकट्याने तेवढ्यात तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं.

"बरं," तो म्हणाला. "त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, ते त्याला आठवडाभरात समजलं. आधी तो गाणं गुणगुणत फोन करायचा. मग गुणगुणणं थांबलं. मग तो फोनवर बोलता बोलता गॅलरीत जाऊन दार ओढून घेऊ लागला. एकदा तिच्यासमोर दोन घरांचे फोटो धरून त्याने विचारलं, "यातलं कुठलं घेऊ?"

"मला काहीही चालेल," ती म्हणाली. काय सुख होतं त्या शब्दांत! नवरा इतकी वर्षं ते का सोडत नव्हता, ते तिला पहिल्यांदा कळलं.

रविवारी गॅलरीचं दार बंद असूनही त्याचा आवाज सगळ्या घराला ऐकू आला. "अगं, यायचं तर ये, नाहीतर नको येऊस! पण तुझ्या बाळाची झोप बघून बोट सोड, असं मी त्या बोटवाल्याला सांगणार नाही!" नणंद रुसली ती रुसलीच. यायची नाही म्हणाली.

लालबुंद चेहऱ्याने तो आत आला आणि त्याच दमात आईसमोर उभा राहिला. "आई, येतेस की नाही? एकदाच विचारणार आहे."

हातातलं वर्तमानपत्र सासूबाईंनी घडी करून मांडीवर ठेवलं. "येते," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळून जरा ओशाळं हसल्या. "नाही म्हटलं की तुम्ही परत विचारता गं. तेवढीच कोणीतरी विचारपूस केल्यासारखं वाटतं. बाकी यायचं तर पहिल्यापासून होतंच."

ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत असताना नवरा आला आणि पलंगाच्या कडेवर टेकला. "टेकडीवरचं घेतलं," तो म्हणाला. "पायऱ्या आहेत, माहीत आहे मला. बोट दुपारची. पैसे भरताना दोनदा थांबलो. म्हटलं, सगळं फसलं तर?" थोडा वेळ तो मोज्यांच्या जोड्या लावत राहिला, त्याही चुकीच्या. "फसलं तर माझं फसलं. तू ऐकून नाही घ्यायचं कोणाचं."

इतके दिवस तिला नेमकं जे हवं होतं, ते आता समोर येऊन बसलं होतं. तिने त्याच्या हातातला चुकलेला मोजा काढून घेतला. "बरं," एवढंच म्हणाली.

आणि ते गेले. काही गोष्टी फसल्याच. पायऱ्या फोटोत दिसत होत्या त्याहून उभ्या निघाल्या, आणि नवऱ्याने धाकट्याला खांद्यावर घेऊन त्या चढताना तोंडातून अवाक्षर काढलं नाही, बहुधा तेवढा श्वासच उरला नव्हता. मोठीने उतरल्याबरोबर जमिनीवर दोनदा पाय आपटून बघितला आणि डोंगर शाबूत असल्याचं जाहीर केलं. पण खरी गंमत धाकट्याने केली. समुद्रावर नेल्यावर त्याने वाळूत एक पाय टेकवला, तो वर उचलून बघितला, आणि किंचाळला. पायाला वाळू चिकटलेली त्याला मुळीच खपेना. एवढा खटाटोप, एवढी भांडणं, आणि ज्याच्या सोयीने सगळं ठरवलं तो वाळूला हात लावायला तयार नाही!

तिने कपाळावर हात मारून घेतला. नवरा म्हणाला, "मी बसतो त्याला घेऊन. तू जा."

सासूबाई आणि मोठी हात धरून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, लाट आली की दोघी एकदम ओरडत होत्या. ती त्यांच्या बाजूने पुढे गेली. कमरेएवढं पाणी, मग छातीएवढं. लग्नाआधी ती रोज पोहायची. मोठीचा जन्म झाल्यापासून एकदाही नाही. हातांना पोहणं आठवेल की नाही, अशी धास्ती होती. आठवलं.

मागून धाकट्याचं रडणं ऐकू आलं. तिने कान दिला. लागल्याचं नव्हतं, भुकेचंही नव्हतं. कोणीतरी हट्ट पुरवला नाही म्हणून चिडल्याचं होतं. त्याच्याजवळ त्याचा बाप होता. तिने मान वळवली नाही, आणखी चार हात मारले.