दहा मोजेपर्यंत

क्लबात तिला सगळे वहिनी म्हणत. कंत्राटदाराची बायको म्हणून ती पहिल्यांदा मैदानावर आली तेव्हापासून म्हणायला लागले, आणि दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला तरी म्हणतच राहिले. तिने एकदा सेक्रेटरींना सांगून पाहिलं, "आता तरी मला नावाने हाक मारा." सेक्रेटरी म्हणाले, "अहो वहिनी, नाती काय कोर्टाला विचारून तुटतात?" यावर मंडळी पोट धरून हसली. आपणही तिला वहिनीच म्हणू या. तिचं खरं नाव विचारायला गेलो तर क्लबात कुणाला आठवणार नाही.

एरवी ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करी. समोरच्याला अक्षर खरंच दिसतंय की तो अंदाजाने ठोकून देतोय, हे तिला त्याच्या मानेवरून कळे. हौशी रॉकेटांच्या या क्लबात ती नवऱ्यापायी आली, पण नवरा सुटला तरी रॉकेटांचा नाद काही सुटला नाही. तिला स्वतःला उडवण्यात रस नव्हता. हातात स्टॉपवॉच घेऊन आभाळातल्या एका ठिपक्यावर नजर रोवून उभं राहायचं, तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही येत नाही, हे तिला आवडायचं. तिला पक्की पंच व्हायचं होतं. त्यासाठी एक अंतिम फेरी स्वतंत्रपणे बघायची आणि सेक्रेटरींची सही मिळवायची, एवढंच बाकी होतं. पण स्पर्धकाच्या नातेवाइकाने पंच व्हायचं नाही असा क्लबाचा नियम, आणि प्रत्येक अंतिम फेरीत कंत्राटदार हजर. लग्न होतं तोवर तिचं घोडं तिथेच अडलेलं, आणि नंतर कुणी बोलावलं नव्हतं.

त्या रविवारी नेहमीच्या पंचांची पाठ धरली आणि सेक्रेटरींची पळापळ झाली. शेवटी ते तिच्याकडे आले. "आज तुम्हीच उभ्या राहा. कायद्याने तुम्ही आता त्याच्या कुणीच नाही." हे ऐकून तिला इतकं बरं वाटलं की तिने टोपी उगाचच काढून पुन्हा घातली. एवढं कौतुक तिचं कुणी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

रॉकेटांची ड्रॅग रेस म्हटलं की नवख्या माणसाला वाटतं, जो उंच जाईल तो जिंकला. इथे सगळा उलटा कारभार. दोन रॉकेटं एकाच वेळी सोडायची. जो आधी जागचा हलेल त्याला एक गुण, जो कमी उंच जाईल त्याला एक, आणि जो शेवटी जमिनीला टेकेल त्याला एक. म्हणजे झटकन निघायचं, फार वर जायचं नाही, आणि तरी हवेत रेंगाळत राहायचं. कंत्राटदाराला हे उपजतच जमायचं. घरीही त्याचं तसंच होतं. निघायची घाई, आणि परत यायच्या नावाने बोंब. झाकून ठेवलेल्या ताटासमोर वहिनींनी किती संध्याकाळी काढल्या ते तिचं तिला ठाऊक. शेवटी घर सोडलं ते तिने. तो मात्र सगळ्यांना असं सांगे की जणू दोघांनी बसून, चहा पिऊन ठरवलं.

अंतिम फेरीत त्याच्यासमोर डेंटिस्ट होता, चिडका आणि हरायची अजिबात सवय नसलेला. डेंटिस्टचं रॉकेट बघायला ड्रॉइंगचे मास्तर, कंत्राटदाराचं बघायला वहिनी.

बटण दाबलं गेलं. डेंटिस्टचं रॉकेट आधी सुटलं, त्यात वादच नव्हता. कंत्राटदाराचं पुठ्ठ्याचं जाडजूड रॉकेट मागून निघालं आणि थोडक्यात दमलं. ते कमी उंच गेलं हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं, नंतर आतल्या उंची मोजणाऱ्या यंत्रानेही तेच सांगितलं. एक गुण याला, एक त्याला. आता शेवटी कोण टेकतो त्यावर सगळं.

दोन्ही पॅराशूट उघडली. वाऱ्याने कंत्राटदाराचं पॅराशूट मैदानाच्या कडेला ओढत नेलं आणि बघता बघता ते पाण्याच्या उंच टाकीमागे गेलं. दिसेनासं झालं.

अशा वेळी नियम स्वच्छ आहे. रॉकेट नजरेआड झालं की पंचाने दहा सेकंद थांबायचं. तेवढ्यात पुन्हा दिसलं तर वेळ चालू. नाही दिसलं तर नजरेआड झालं त्या क्षणीच ते उतरलं असं धरायचं. वहिनींनी स्टॉपवॉचच्या दुसऱ्या बटणाने तो क्षण टिपला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली.

खरं सांगायचं तर मोजताना तिला वाटत होतं, येऊ नये. टाकीमागेच कुठेतरी अडकून पडावं. एकदा तरी या माणसाचं परत येणं त्याच्या सोयीने नाही, माझ्या मोजण्याने ठरावं. पण तोंडाने ती एकेक आकडा नीट, सारख्या अंतराने म्हणत होती. पाचाला डेंटिस्टचं रॉकेट टेकलं आणि त्याच्या माणसांनी आरोळी ठोकली. तिने मान वळवली नाही. आठाला टाकीच्या दुसऱ्या बाजूने लाल पॅराशूट सावकाश बाहेर आलं. तिने बटण पुन्हा टिपलं आणि रॉकेट गवतात बसेपर्यंत नजर हलवली नाही.

"कंत्राटदार," ती म्हणाली.

डेंटिस्ट तावातावाने आला. "काय चाललंय हे? वहिनींचे आठ म्हणजे आमचे बारा! अहो, त्या मोजत नव्हत्या, वाट बघत होत्या!"

लोक हसले. तिने स्टॉपवॉच सेक्रेटरींपुढे धरलं. "दोन्ही वेळा टिपल्यात. मधे आठच आहेत. बघा."

सेक्रेटरींनी बघितल्यासारखं केलं. "ते ठीक आहे हो. पण बटण तुमच्याच बोटाने दाबलं ना?"

"मग पंच आणखी कशाने दाबतो?"

"चिडू नका. लोकांना वाटणारच. इतकी वर्षं संसार केलात..."

"सकाळी तुम्हीच म्हणालात, मी त्याची कुणी नाही."

सेक्रेटरी मास्तरांकडे बघायला लागले, आणि मास्तर जमिनीकडे. तिने मग कंत्राटदाराकडे पाहिलं. हा नियम त्याला तोंडपाठ होता. नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन त्यानेच तो तिला समजावून सांगितला होता. "बरोबर आहे तिचं," एवढे तीन शब्द पुरले असते.

कंत्राटदार पुढे आला, डेंटिस्टच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मित्रा, मला हा गुण नको. कुणाच्या मेहेरबानीने जिंकायची आपल्याला सवय नाही. पुन्हा उडवू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. डेंटिस्टने त्याला मिठी मारली. माणूस असावा तर असा, असं दोघातिघांनी तिला ऐकू जाईलसं म्हटलं. मेहेरबानी हा शब्द मात्र कुणाला खटकला नाही.

फेरी पुन्हा झाली. या वेळी कंत्राटदाराचं रॉकेट बघायला सेक्रेटरी स्वतः उभे राहिले. आधी सुटलं कंत्राटदाराचं, कमी उंच गेलं त्याचंच, शेवटी टेकलंही त्याचंच. त्याला चषक मिळाला आणि मोठेपणाही. वहिनी तोवर घड्या घातलेल्या खुर्च्यांपाशी उभी होती. सेक्रेटरी तिथे आले आणि गोड आवाजात म्हणाले, "सहीचं पुढच्या वर्षी बघू. आणि तो स्पर्धेत असेल तेव्हा तुम्ही नोंदणीच्या टेबलावर बसत जा. उगाच तुमच्यावरच बोट नको." म्हणजे नातं नाही म्हणून उभी केली आणि नातं आहे म्हणून बसवली. दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नव्हतं.

ती स्कूटर काढत होती तेव्हा कंत्राटदार चषक काखेत मारून आला.

"रागावलीस?"

"नियम तुला माहीत होता."

"माहीत आहे गं. पण वाद वाढला असता. तुझंच नाव खराब झालं असतं."

"झालंच ते."

तो जवळ आला. इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला. त्याच्या चेहऱ्यावर असं हळवं काहीतरी आलं होतं जे लग्नाच्या सगळ्या वर्षांत तिच्या वाट्याला फार थोडं आलं होतं.

"एक विचारू? खरं सांग. मोजायला जरा उशिराच लागलीस ना?"



"घड्याळात आठ आहेत," ती म्हणाली.

"घड्याळाचं राहू दे." तो हसला आणि तिच्या हातावर हलकेच थोपटलं. "काळजी करू नकोस. मी कुणाला सांगणार नाही."

हे तो मनापासून बोलला होता, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.