आठ रकाने, एक नाव

आमच्या चर्चमध्ये देवाकडे एका वेळी एकच गोष्ट मागायची पद्धत आहे. हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या रविवारी ज्याला मागायचं असेल त्याने उभं राहून मोठ्याने सांगायचं. मग ती मागणी पूर्ण होईपर्यंत अख्खं चर्च दर रविवारी तुमच्यासाठी प्रार्थना करणार. दोन गोष्टी मागायच्या नाहीत. 'हे नाही तर निदान ते तरी दे' असं तर मुळीच नाही. सिस्टर अर्मिन म्हणतात, असं बोलणारा देवाशी बोलत नसतो, मासळीवालीशी घासाघीस करत असतो. ब्रदर क्लाइडने गुडघा मागितला आणि ऑपरेशनचा नंबर लागला. मम्मीने गयाना देश सोडून अमेरिकेत आल्यावर ग्रीन कार्ड मागितलं आणि ते आलं. त्यामुळे आमच्या घरात या पद्धतीची चेष्टा चालत नाही.

त्या वर्षी मी उभी राहिले. तोवर मी चर्चमध्येच काय, कुठेच उभी राहत नसे. शाळेत शेवटच्या बाकावर, टोपी कपाळापर्यंत ओढून, बाई नाव विसरतील अशी बसायची. पण ऑक्टोबरात शनिवारच्या फुकट क्लासमध्ये सराव परीक्षेला मी पहिली आले. अख्ख्या क्लासमध्ये, दोन मार्कांनी नाही, चांगली दणकून. तेव्हापासून माझ्या आवाजाला काहीतरी झालं. बसमध्ये मी मोठमोठ्याने हसायला लागले. वर्गात हात वर करायला लागले, उत्तर येत नसलं तरी.

"नॉर्थ पिअर," मी म्हणाले.

"जोरात, ओडेसा पोरी, मागच्यांना ऐकू दे," सिस्टर अर्मिन म्हणाल्या.

"नॉर्थ पिअर सायन्स हायस्कूल," मी अशी ओरडले की पास्टरांनी चष्मा सावरला. मग सगळ्यांचं आमेन.

नॉर्थ पिअर म्हणजे शहराच्या आठ निवडक सरकारी शाळांमधली सगळ्यात वरची. फी नाही, मुलाखत नाही, शिफारस नाही. आठवीत एक परीक्षा, आणि त्या मार्कांवर सगळं. दरवर्षी साडेसातशे पोरं घेतात. आदल्या वर्षी त्यांच्यात आमच्यासारखी काळी किती होती, तर सात. आमच्या चर्चच्या दुसऱ्या बाकावर बसतात तेवढी.

परीक्षेआधी संगणकावर पसंतीक्रम भरायचा असतो. आठ शाळा, आठ रकाने. मम्मी कामावरून आली होती, अंगावरचा गणवेशही काढला नव्हता. मी पहिल्या रकान्यात नॉर्थ पिअर टाकलं.

"बाकीचे सात?" मी विचारलं.

"चर्चमध्ये काय मागितलंस?"

"नॉर्थ पिअर."

"मग बाकीचे सात कोणाला, मला?"

आम्ही दोघी हसलो. तरी मम्मी तशी सावध बाई आहे, तिने शाळेत फोन केला. आमच्या शाळेत मार्गदर्शन करायला एकटे डेलुका सर, सगळ्या पोरांना मिळून. ते म्हणाले, एक टाका, आठ टाका, सक्ती नाही. ते खोटं नव्हतं. सक्ती नव्हतीच. आमच्या शाळेतून त्या परीक्षेला बसणारे आम्ही चौघं, आणि त्यांच्या काळात कोणाची निवड झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. माणूस नियम तरी कशाला वाचून ठेवेल.

शनिवारच्या क्लासमध्ये माझ्याशेजारी यूचिंग लिन बसायची. तिचे बाबा सायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतात, आई नखं रंगवायच्या दुकानात. पैसे आमच्याइतकेच, म्हणजे नाहीत. पण ती रविवारीसुद्धा शिकायची, त्यांच्या वस्तीतल्या फांग सरांच्या सेंटरमध्ये, चौथीपासून. ती मला वाफवलेला बन द्यायची, मी तिला मम्मीचे अननसाचे टार्ट. गणितात मी तिला हरवायचे, भाषेतही हरवायचे, आणि ती दर वेळी माझा पेपर ओढून घेऊन म्हणायची, "दाखव कुठे चुकलीस, तेवढाच आनंद."

"किती भरलेस?" सुट्टीत तिने विचारलं.

"एक."

"गंमत करू नकोस."

"एकच. नॉर्थ पिअर."

तिने टार्ट चावायचं थांबवलं. "मी तर आठही भरले. फांग सर प्रत्येकाला आई-बाबांसकट समोर बसवून भरून घेतात. उठूच देत नाहीत." मग ती परत खायला लागली. "पण तुला चालेल."

मला वाटलं, हे माझ्या हुशारीचं कौतुक आहे. मी खूश होऊन तिला दुसरं टार्ट दिलं.

निकाल मार्चमध्ये लागला. नॉर्थ पिअरचा कट-ऑफ पाचशे अठ्ठावन्न. मला पाचशे एक्कावन्न. त्याखाली लिहिलं होतं की निवडक शाळांमध्ये प्रवेश नाही, आणि घरामागच्या हायस्कूलमध्ये जागा दिलेली आहे. ती शाळा मला माहीत होती. दारात बॅगा तपासायचं यंत्र आहे, आणि माझ्या चुलतभावाला तिथे वर्षभर भौतिकशास्त्राला बदली शिक्षक येऊन सिनेमे दाखवत होते.

मम्मीने बाकीच्या शाळांचे कट-ऑफ एकेक करून मला वाचायला लावले. सातही माझ्या खाली होते.

"मग यातली कुठली तरी देतील ना?" ती म्हणाली.

"लिहिली असती तर दिली असती."

"पण मार्क तर आहेत."

"मम्मी, लिहिली नाही."

तिने संगणकावरचं पान पुन्हा वर सरकवलं, जणू वर कुठेतरी वेगळं लिहिलेलं असेल.

दुसऱ्या दिवशी तिने कामावर रजा टाकली आणि आम्ही शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलो. काउंटरवरच्या बाई आमच्यातल्याच होत्या, बोलण्यावरून बार्बेडोस बेटावरच्या वाटल्या. मम्मीला तेवढ्यानेच धीर आला. तिने चौकशी करून ठेवली होती: गरीब घरच्या, थोडक्यात हुकलेल्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग असतो, तो केला की निवडक शाळेत जागा मिळते.

"असतो," बाई म्हणाल्या. "पण सगळ्यात खालच्या कट-ऑफच्याही खाली जे पडले, त्यांच्यासाठी. हिचे मार्क त्याच्या वर आहेत. बरेच वर."

"वर आहेत, मग चांगलं ना?"

"नाही, सिस्टर. वर्गासाठी जास्त होतात."

"आणि नॉर्थ पिअरला?"

"कमी पडतात."

मम्मीने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "म्हणजे हिने थोडे प्रश्न कोरे सोडले असते तर जागा मिळाली असती?"

"नियम मी केला नाही, सिस्टर." बाईंनी आवाज खाली आणला. "दरवर्षी येतात असे एक-दोन. आणि खरं सांगू, ती आपलीच मुलं असतात. बाकीच्यांना कोणीतरी बसवून सांगितलेलं असतं." मग त्यांनी मला विचारलं, "बाळ, एक तरी दुसरं नाव का नाही टाकलंस?"

मम्मीने मला बोलूच दिलं नाही. "आमची तशी पद्धत आहे," ती म्हणाली. आणि त्या बाईंनी, क्रॉस घालणाऱ्या बाईंनी, मान हलवली. त्यांना कळलं होतं. त्याने काही झालं नाही.

परत येताना मम्मी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुला जरा कमी शिकू द्यायला हवं होतं." मी हसले. ती हसली नाही.

यूचिंगला नॉर्थ पिअर मिळालं. शनिवारी ती क्लासच्या दारात माझी वाट बघत उभी होती, काय बोलायचं ते ठरवून आल्यासारखी.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले, "एकच नाव लिहिलं की काय होतं ते."

"माहीत होतं."

"मग तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

ती बॅगेचा पट्टा पिळत राहिली. "मला वाटलं तुम्हाला वेगळा दरवाजा असतो."

"तुम्हाला म्हणजे कोणाला?"

"तुम्हाला. काळ्यांना." ती भरभर बोलायला लागली. "सगळे म्हणतात, ओडेसा. सेंटरमध्ये म्हणतात, आई म्हणते. तुम्ही थोडे कमी पडलात तरी मागून आत घेतात. मला वाटलं, तुला ते माहीत आहे, म्हणून तू बिनधास्त एकच लिहिलंस."

"अगं, मी पहिली यायचे. तुझ्या पुढे. माझे पेपर तू स्वतः तपासायचीस."

"हो."

"तरीसुद्धा तुला वाटलं की मला मागच्या दाराने घेतील?"

"मी तसा विचारच केला नाही," ती म्हणाली. मग तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी तिला रागही आला. "पण माझ्यावर का ओरडतेस? चौथीपासून मला एक रविवार मिळालेला नाही. बाबांचा पाय मोडला होता तेव्हासुद्धा त्यांनी सेंटरचे पैसे भरले. मी तुझी जागा घेतलेली नाही."

"नाही घेतलीस."

"मग?"

तिने खरंच घेतली नव्हती. आत गेल्यावर मी तिच्या शेजारी न बसता वेगळ्या बाकावर बसले.

मे महिन्यात शहराच्या शिक्षण मंडळाची जाहीर सुनावणी होती, हीच परीक्षा ठेवायची की काढायची यावर. मम्मीने माझं नाव बोलणाऱ्यांत घातलं. तिला परीक्षेचं काही पडलेलं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, की ज्यांच्या हातात असतं ते सगळे तिथे समोर बसलेले असतात, तोंडावर मागितलं तर नाही म्हणायला जड जातं. मलाही पटलं. तोवर मी आरशासमोर उभी राहून बोलायची तयारी केली होती, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर छान बोलत होते. मंडळाला मी पटवणार आणि सप्टेंबरात सातपैकी कुठल्यातरी शाळेत बसणार, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

सभागृह मधोमध दुभंगलेलं होतं. डावीकडे हिरवे टी-शर्ट, परीक्षा काढा म्हणणारे, बहुतेक आमच्यासारखे आणि काही गोरे. उजवीकडे परीक्षा ठेवा म्हणणारे, बहुतेक चिनी आणि बंगाली आई-बाप, हातात पुठ्ठ्याचे फलक. फांग सरांच्या सेंटरची बस बाहेर उभी होती. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं, आणि पडद्यावर लाल आकड्यांत वेळ उतरत होता.

"माझं नाव ओडेसा क्रिचलो," मी म्हणाले. "मला पाचशे एक्कावन्न मार्क मिळाले."

उजवीकडून टाळ्या. एक काका उठून म्हणाले, "बघा, ही पोरगी बघा, परीक्षा चेहरा बघत नाही."

"मला कुठेच जागा मिळाली नाही."

डावीकडून टाळ्या. तिकडची एक बाई म्हणाली, "ऐका, ऐका."

"टाळ्या नकोत," मी म्हणाले, "माझा वेळ जातोय."

सगळे हसले, दोन्हीकडचे. मला बरं वाटलं, आवाज आणखी सुटला. मी सगळं सांगितलं: आठ रकाने, एक नाव, सातही कट-ऑफ माझ्या खाली, उन्हाळी वर्गाला मी जास्त हुशार आणि नॉर्थ पिअरला कमी. "मी कोणाला उठवायला सांगत नाही," मी म्हणाले. "सातपैकी कुठल्याही शाळेत एक खुर्ची वाढवा. हवं तर खुर्ची मी घरून आणते. परीक्षा ठेवायची का काढायची ते तुम्ही निवांत ठरवा, पण माझी नववी सप्टेंबरात सुरू होते."

पुन्हा हसले. मधोमध बसलेले अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी माइक जवळ घेतला. "बेटा, फार छान बोललीस. पण इथे आम्ही धोरणावर बोलतो. एकेका मुलाची प्रकरणं इथे घेत नाही."

"मग कुठे घेतात?"

त्यांनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. त्या बाईंनी त्यांच्या शेजारच्याकडे.

"तुझं म्हणणं आम्ही नोंदवून घेतलंय," ते म्हणाले.

माझा वेळ अजून उरला होता. मी माइकसमोरून हलले नाही. वाटलं, एवढी माणसं बसलीयत, कोणीतरी बोलेल. डावीकडचे फोन वर करून माझं चित्रण करत होते. उजवीकडचे काका शेजाऱ्याला माझे मार्क सांगत होते. मागे मम्मी उभी होती, कोट न काढता, कामावरून थेट आलेली, आणि माझ्याकडे नाही, त्या टेबलामागच्या माणसांकडे एकटक बघत होती. लाल आकडे उतरत उतरत शून्यावर आले.

"धन्यवाद," अध्यक्ष म्हणाले. "पुढचं नाव, यूचिंग लिन."

ती उजवीकडच्या तिसऱ्या रांगेतून आली, हातात छापील कागद. मी बाजूला झाले, ती माइकशी आली. ती माझ्यापेक्षा बुटकी आहे, तिला माइक खाली करता येईना. अध्यक्षांनी खूण केली, तसा मीच तो खाली करून दिला.

"थँक्स," ती पुटपुटली. मग तिने वाचायला सुरुवात केली. "ही परीक्षा सगळ्यांना सारखी आहे. जो मेहनत करतो त्याला जागा मिळते." इथे ती थांबली. कागदावरून बोट फिरवून तिने ओळ पुन्हा शोधली. फांग सर तिसऱ्या रांगेतून ओठ हलवून तिला पुढचे शब्द सांगत होते.

तिने तो कागद शेवटपर्यंत वाचला.

मम्मीने माझा कोट माझ्या अंगावर टाकला आणि आम्ही टाळ्या सुरू व्हायच्या आत बाहेर पडलो. दारात हिरव्या टी-शर्टवाली बाई आडवी आली, म्हणाली, पुढच्या मोर्चाला आम्हाला तुझ्यासारखीच मुलगी हवी आहे, बोलशील का.

"हिला जागा देणार?" मम्मीने विचारलं.

"ताई, ते आमच्या हातात नाही."

"मग सरका," मम्मी म्हणाली.

सप्टेंबरात मी घरामागच्या शाळेत गेले. रोज सकाळी बॅग यंत्रातून जाते. भौतिकशास्त्राला अजून बाई आलेल्या नाहीत. बदलीवर एक चित्रकलेचे सर आहेत, ते सिनेमा लावतात आणि दिवा घालवतात. मी पहिल्या बाकावर बसते आणि त्यांना प्रश्न विचारते, मोठ्या आवाजात. ते म्हणतात, छान प्रश्न आहे, लिहून ठेव, बाई आल्या की त्यांना विचार.