माउंट नेबोची हजेरी

अलाबामातल्या काळ्या लोकांच्या माउंट नेबो चर्चची हजेरी गेली बारा वर्षं कोरीन हार्डवे घेत होती. वर्षातून एकदाच, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी. नाव पुकारलं की उभं राहून म्हणायचं, "हजर, देवाच्या कृपेनं." एरवी चर्चकडे न फिरकणारेही त्या दिवशी कडक इस्त्री करून यायचे, नाहीतर आयांचे टोमणे वर्षभर ऐकावे लागत.

यंदा मात्र शेरीफनं चर्च बंद ठेवायला सांगितलं होतं. मतदानाचा हक्क मागितला म्हणून तुरुंगात डांबलेल्या पोरांसाठी रेव्हरंड टॉलिव्हरनी भर उपासनेत प्रार्थना केली, एवढंच निमित्त. आता जो चर्चमध्ये जाईल त्याचं नाव लिहून घेणार आणि यादी गावातल्या गोऱ्या मालकांकडे जाणार. शुक्रवारी शेंगा मोडता मोडता जजसाहेबांच्या बाई कोरीनला म्हणाल्या, "तुझं नाव त्यात दिसलं तर सोमवारी येऊ नकोस." एकोणीस वर्षं कोरीन त्यांच्याकडे स्वयंपाक करत होती. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती आणि दोघींचं पोट त्याच कामावर होतं.

रविवारी शेरीफचा डेप्युटी हॉलिस चर्चच्या दारातच खुर्ची टाकून बसला, मांडीवर वही. तरी माणसं आली. खाली मान घालून, पण आली. रेव्हरंड कोरीनच्या कानाशी लागले. चर्चमधल्या सगळ्याच बायकांना ते सिस्टर म्हणत.

"सिस्टर, यंदा हजेरी राहू द्या. आपणच आपली नावं त्याच्या हातात द्यायची का?"

"मग एवढी माणसं काय बाकं मोजायला आलीत, रेव्हरंड?"

"निदान तुमचं तरी वाचू नका. देव समजून घेईल."

कोरीनच्या हातांच्या घामानं रजिस्टरचा पुठ्ठा ओला झाला होता. पण ती उठली.

माउंट नेबोची रीत अशी की आधी देवाघरी गेलेल्यांची नावं घ्यायची. त्यांच्या वतीनं घरचं कुणीतरी ओ देतं.

"एझिकिएल टेट."

"हजर, प्रभूपाशी," त्याची मुलगी म्हणाली.

हॉलिसनं लिहिलं. पुढचंही लिहिलं, त्याच्या पुढचंही. चांगली तीस नावं झाली, तेव्हा त्यानं मान वर केली.

"हा अ‍ॅबसलम कुठं कामाला आहे?"

अ‍ॅबसलमची बायको, सिस्टर लुएला, नव्वदीची. ती काठी टेकत उभी राहिली. "कामाला कुठला, साहेब. एकतीस सालापासून आराम चाललाय त्याचा. तुम्ही मालकाला सांगा, उद्यापासून काढून टाका म्हणावं."

आधी कुणीतरी नाकातून फुसकन हसलं, मग सगळं चर्च हसायला लागलं. रेव्हरंड तर पोट धरून खाली बसले. हॉलिसचे कान लाल झाले. तो पानंच्या पानं खोडायला लागला, आणि कोरीननं जिवंतांची नावं सुरू केली. आता कुणाची मान खाली नव्हती. लाकडाच्या गिरणीतला ओटिस तर नाव यायच्या आधीच उठून "हजर" ओरडला. टाळ्या सुरू झाल्या, पाय ठेका धरायला लागले, हॉलिस घाईघाईनं एकेक नाव उतरवत राहिला. शेवटी कोरीननं स्वतःचं नाव वाचलं आणि स्वतःच ओ दिली. तेवढ्यात कुणीतरी गाणं उचललं, छप्पर हादरलं आणि हॉलिसनं वैतागून वही मिटली.

त्यानं तिचं नाव लिहिलं नाही, हे कोरीननं पाहिलं. रेव्हरंडनीही पाहिलं आणि हळूच डोळा मारला, जणू म्हणत होते, देवानं ऐकलंय, मग आणखी कुणी कशाला ऐकायला हवं? गाण्याचं एक कडवं होईपर्यंत कोरीन तशीच बसून राहिली. मग उठून बाहेर गेली.

हॉलिस गाडीत बसत होता.

"साहेब, एक नाव राहिलं. माझं."

तो तिच्याकडे बघत राहिला. जजसाहेबांच्या घरी तिच्या हातचं त्यानं कितीदा खाल्लं होतं. "मी काही ऐकलं नाही," तो पुटपुटला. "जा आत."

"म्हणूनच सांगायला आले."

तो हलेना. मग तिनं त्याच्या हातातली वही आणि पेन्सिल घेतली, गाडीच्या टपावर ठेवून वळणदार अक्षरात आपलं नाव लिहिलं आणि वही परत दिली. तिला कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं.

आत गाणं अजून चाललंच होतं. ती रेव्हरंडच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"रेव्हरंड," ती हसत म्हणाली, "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला सोमवार मोकळा आहे. चर्च झाडायला किती वाजता येऊ?"